वडिलांसमोर

श्रीपाद बोरगावकर, म्हणजे परदेशीपुऱ्यातल्या लहानथोरांचे नाना, यांना सदऱ्याशिवाय पाहिलेला माणूस सगळ्या इंदुरात शोधून सापडला नसता. मे महिन्याच्या भर दुपारी दारावर कुणी आलं तरी ते आधी सदरा चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे आणि मगच कडी काढायचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेलं, तेही असंच बटणं लावून. अशा माणसावर सत्तरी ओलांडल्यावर एका दवाखान्यात, परक्या बायकांच्या देखत, उघड्या अंगाने खुर्चीत बसायची वेळ आली. आणि मजा म्हणजे एकदा बसल्यावर ते उठायला तयार होईनात.

झालं होतं असं. नानांचा मुलगा मुकुल आणि सून अनुश्री इंदुरबाहेर राऊला फ्लॅट घेऊन राहत होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले होते, आशा सोडल्यासारखीच होती, आणि तेव्हा कुठे अनुश्रीला दिवस राहिले. बाळ संक्रांतीच्या सुमाराला यायचं होतं. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर तिचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की तिला झटके आले, आणि ऑपरेशन करून मुलीला बाहेर काढावं लागलं. सातवा महिना चालू होता. मुलगी एक किलोचीसुद्धा भरली नाही. अनुश्रीच्या किडनीवर परिणाम झाला होता, म्हणून ती वरच्या मजल्यावर आयसीयूत. मुलगी खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. आणि मुकुल जिन्यात, औषधांची पिशवी घेऊन, कधी वर तर कधी खाली.

नानांनी नातीला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. अंग लालबुंद, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात, दंड नानांच्या करंगळीएवढा. नाकातून एक बारीक नळी पोटात गेलेली, त्यातून दुधाचे थेंब जायचे, आणि ते दूधही दूध बँकेतून आणलेलं, कारण आई स्वतःच शुद्धीवर नव्हती. पहिल्या आठवड्यात तर मुलगी वाढायच्या ऐवजी घटलीच. नानांना रागच आला. मुळात मूठभर जीव, आणि त्यातही घट? कचेरीत एखाद्याने चुकीचा हिशोब आणला की ते चष्म्यावरून बघायचे तसे ते डॉक्टरांकडे बघायला लागले.

डॉक्टर सुरभी वयाने लहान होत्या पण शांत होत्या. त्यांनी नानांना समजावून सांगितलं की पोटात असताना मूल ज्या वेगाने वाढतं त्याच वेगाने हिला आता बाहेर वाढायचं आहे, आणि हिची आतडी तर अजून तयारच नाहीत. दूध कमी दिलं तर ती वाढत नाही, जास्त दिलं तर पोट फुगतं. या दोन्हींच्या मधून वाट काढायची. नुसतं वजन वाढून भागत नाही, डोकं वाढायला हवं, लांबी वाढायला हवी. अशी मुलं जगली तरी पुष्कळदा वर्षानुवर्षं मागे राहतात, उंचीत, बसण्याचालण्यात, कधी शिकण्यातही. नानांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच डोक्यात ठेवलं, की पोरगी वाढली पाहिजे.

थोडे दिवस गेले, श्वासाचं यंत्र निघालं, आणि डॉक्टर म्हणाल्या की हिला आता कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायला हवं. रोज, जितका वेळ जमेल तितका. त्या ऊबेने अशी मुलं तगतात, दूध पचवतात, वाढतात. खरं तर ते आईचं काम. आई वर पडलेली. आजी, म्हणजे नानांच्या पत्नी शारदाबाई, आल्या असत्या धावत, पण त्यांना नेमकी त्याच वेळी कमरेला नागीण झालेली, त्यांना वॉर्डाच्या दारातही घेईनात. मुकुल वर-खाली धावत होता. नर्स प्रियंका गौतमपुऱ्याकडची, बोलायला फटकळ. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि नानांकडे बोट केलं.

"नानाजी, आप नहा के आए हो ना? तो शर्ट उतारिए."

नानांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग आपल्याला खोकला येतो का ते आठवून पाहिलं, येत नव्हता. मग छातीवरच्या पांढऱ्या केसांचं काही तरी पुटपुटले. प्रियंका म्हणाली की बच्चीला त्याचं काही वाटणार नाही. शेवटी नानांनी भिंतीकडे तोंड करून एकेक बटण काढलं, जानवं बाजूला सारलं, आणि डोळे मिटून खुर्चीत बसले. प्रियंकाने ती मुलगी उचलली, बेडकीसारखी हातपाय दुमडून त्यांच्या छातीवर ठेवली आणि वरून कपड्याने बांधून टाकली.

नानांनी डोळे उघडले. वजन असं काही नव्हतंच. फक्त एक ओलसर ऊब, आणि तिच्या आत पाखराच्या काळजासारखं काही तरी टकटकत होतं. नाना रडले. त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही, कारण दोन्ही हात तिच्या पाठीवर होते.

आता बोरगावकरांच्या घरची एक रीत सांगायला हवी. नानांचे वडील अण्णा परदेशीपुऱ्याच्या गिरणीत टाइमकीपर होते, आणि घरातही टाइमकीपरच होते. त्या घरात बापाने आपलं मूल वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही, लाडवायचं नाही, त्याच्याशी बोबडं बोलायचं नाही. तसं करणं म्हणजे निर्लज्जपणा. आपल्या बायकोचा हात सगळ्यांसमोर धरण्यातलाच तो प्रकार. हे कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं, पण अण्णांची एक नजर पुरे असायची. आजोबाला मात्र सगळं माफ. नातवंड म्हणजे दुधावरची साय, ती आजोबाने हवी तेवढी खावी. मुकुल लहान असताना तो सदैव अण्णांच्या मांडीवर असायचा, आणि नाना दुरून, वर्तमानपत्राच्या आडून त्याच्याकडे बघायचे. आपल्या मुलाला त्यांनी कडेवर घेतलं ते अण्णा गावाला गेले तेव्हा, किंवा गच्चीवर, दार लावून. मुकुलच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तीही अशीच अपुऱ्या दिवसांची, आणि ती राहिली नाही. घरात तो विषय कधी निघत नसे.

तर नानांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. इतकी वर्षं थांबलो, आता माझी पाळी.

आणि ती पाळी त्यांनी अशी काही साजरी केली की बघत राहावं. सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेलाचं बोट न लावता, ते घरातून निघायचे ते संध्याकाळपर्यंत खुर्चीत. पाठ धरायची, पाय सुजायचे, पण कुणी विचारलं की म्हणायचे, मला काय धाड भरली आहे. तिच्याशी ते गप्पा मारायचे, त्याही कचेरीतल्या, कारण दुसऱ्या गप्पा त्यांना येत नव्हत्या. आणि मुलगी खरोखरच वाढायला लागली. आधी घटलेलं भरून निघालं, मग रोज थोडं थोडं. गालावर जरा मांस आलं. रडण्याचा आवाज आधी मांजराच्या पिलाएवढा होता, तो शेजारच्या पेटीपर्यंत ऐकू जायला लागला.

नाना पहाटे पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहायचे तिथे ही वार्ता रोज जायची. "क्या नाना, कितना बढी?" असं कुणी विचारायचा अवकाश, की नाना ग्रॅमसकट सांगून मोकळे. शारदाबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी नानांना खूप सुनावलं. मुलाचं वजन असं चारचौघांत सांगू नये, दृष्ट लागते, एवढंही कळू नये का या वयात. नाना हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून आले. त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं की पोरगी वाढते ती आपल्या छातीमुळे. दूध, औषधं, डॉक्टर, प्रियंका, हे सगळं ठीक, पण खरी करामत आपली. माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होतोच असं नाही.

एक दिवस नाना नेहमीपेक्षा लवकर पोचले. काचेतून पाहतात तर त्यांच्या खुर्चीत मुकुल. शर्ट काढलेला, मुलगी छातीवर, मान खाली घालून तिच्याशी काही तरी बोलत होता, आणि तोंडभर हसत होता. महिनाभरात पोराला असं हसताना नानांनी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मुकुलची नजर वर गेली. वडील दिसताच तो गडबडला, घाईघाईने प्रियंकाला हाक मारली, मुलीला पेटीत ठेवायला लावलं, आणि शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"या नाना, तुम्ही बसा. मी जरा वर जाऊन येतो."

नाना बसले. तिथे थांबून विचार करायला हवा होता, पण त्यांचे हात आधीच बटणांवर गेले होते. त्यांना वाटलं, दमला असेल बिचारा. दुपारी प्रियंकाच त्यांना म्हणाली की भैया रोज सकाळी तुमच्या आधी येतात, बच्चीला घेऊन बसतात, आणि तुमची वेळ झाली की ठेवून देतात. "आपके सामने शरमाते हैं." नाना म्हणाले, छे, आजकालची मुलं कसली लाजतात, आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी ते उशिरा गेले का? नाही. उलट जरा लवकरच गेले. वजन वाढत होतं, आणि वाढत्या वजनाची गोडी फार वाईट असते.

अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांची ती नजर त्यांच्याबरोबर गेली असं नाना समजून चालले होते. ती आपल्याच डोळ्यांत येऊन बसली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मार्गशीर्ष लागला आणि एके सकाळी मुलीने दूध परत केलं. दुपारपर्यंत पोट फुगलं, ताणून चमकायला लागलं. दूध बंद केलं. ज्या आतड्यांना जपत जपत एवढं आणलं होतं त्यांनाच आतून सूज आली होती. अशा मुलांना ती येते, डॉक्टर सुरभी म्हणाल्या, आणि कधी कधी सगळं नीट चाललेलं असताना येते, कुणाची चूक नसते. सर्जन येऊन पाहून गेले. पोट उघडलं तर ती टेबलावरच जाईल असं त्यांचं मत पडलं. दोन दिवस औषधं चालली. वाढलेलं वजन अंगावरून उतरलं, आणि अंग राखाडी दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर सुरभींनी सगळ्यांना बोलावलं. अनुश्री आता शुद्धीवर होती, तिला व्हीलचेअरवरून खाली आणलं. हाताला सुया टोचलेल्या, उठून बसायचीही ताकद नाही. मुलीला तिने पहिल्यांदाच जवळून पाहिलं. डॉक्टरांनी फार शब्द वापरले नाहीत. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणाल्या, नळ्या काढून टाकू, आणि जितका वेळ आहे तितका तिला पेटीत नको, कुणाच्या तरी अंगावर राहू दे.

प्रियंकाने सवयीने नानांची खुर्ची पुढे ओढली. नानांनी सवयीने पहिलं बटण काढलं. सगळा जीव त्यांच्या छातीत गोळा झाला होता. तिला घ्यायचं होतं त्यांना, अगदी आत्ता घ्यायचं होतं, आणि ती कुणाला द्यायची नव्हती.

मग त्यांना मुकुल दिसला. तो दारात उभा होता. आत यायचं की नाही हे न ठरल्यासारखा, एक हात चौकटीवर ठेवून, वडिलांकडे बघत.

नानांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. ते उठले, मुकुलच्या दंडाला धरून त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"तुझ्या आधी आम्हाला मुलगी झाली होती, ठाऊक आहे ना तुला?"

मुकुलने होकाराची मान हलवली.

"कापसात गुंडाळून ठेवली होती तिला. तुझी आजी बोळ्याने दूध घालायची. घरात होती तेवढे दिवस मी तिला एकदाही घेतलं नाही. अण्णा बाहेरच्या खोलीत बसलेले असायचे. मी दारापर्यंत जायचो, असाच उभा राहायचो, आणि परत फिरायचो." नाना थांबले. "पहिल्यांदा घेतली ती पुरायला नेताना."

मुकुलने काचेतून पेटीकडे पाहिलं.

"मी आलो की तू हिला खाली ठेवतोस. मला ते कळत होतं रे. कळूनही मी खुर्चीत बसायचो. आज बसत नाही. तू जा आत."

"नाना, पण तिला तुमची आदत आहे. तुमच्याकडे चुप राहते ती."

"तुझ्याकडेही राहते. मी काचेतून पाहिलंय. जा, शर्ट काढ आणि घे तिला. मी इथे बाकावर आहे, आत येणार नाही."

मुकुल आत गेला. नाना बाकावर बसले ते काचेकडे पाठ करून, म्हणजे चुकून नजर वर गेली तरी पोराला कुणाची अडचण वाटू नये. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, प्रियंका हळू आवाजात काही तरी सांगत होती, मग अनुश्रीचं रडणं, मग मुकुलचा आवाज. तो मुलीशी बोलत होता. काय बोलत होता ते नानांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांनी कान दिलेही नाहीत. छातीवरची जागा मात्र दुखत होती, खरोखरीची दुखत होती, जणू तिथून काही तरी उचलून नेलं होतं. एकदा ते उठले. दाराकडे दोन पावलं गेले, आणि परत येऊन बसले. असं परत फिरणं त्यांच्या नशिबी दुसऱ्यांदा आलं होतं, पण या वेळी ते त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं.

शारदाबाई रिक्षाने आल्या. नागीण वाळली होती, तरी त्यांना आत सोडलं नाही, आणि त्यांनीही हट्ट केला नाही. पदराने तोंड पुसत त्या बाकावर नानांच्या शेजारी बसल्या. नाना बाहेर कसे, असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी एकदा नानांच्या लावलेल्या बटणांकडे पाहिलं आणि एकदा काचेकडे.

"कुणाकडे आहे ती?"

"बापाकडे," नाना म्हणाले.

समोरून एक वॉर्डबॉय चादरींची गाडी ढकलत गेला, तिची चाकं कुरकुरत लांब गेली. मग शारदाबाई बोलल्या ते नानांकडे न बघताच, आणि अगदी साध्या आवाजात, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगत होत्या.

"तुमची पावलं दारापर्यंत यायची तेव्हा. मला आत ऐकू यायची. मी दर वेळी तिला उचलून थोडी दाराकडे पुढे धरायची."

नानांनी मान खाली घातली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की दाराशी आपण एकटेच उभे होतो.

शारदाबाईंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, आणि सोडला नाही. आत मुकुल अजून बोलत होता.